सरपंचताईंना वर्गात बोलवा

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात राज्यशास्त्र शिकवणं सोपं नाही. समोर बसलेल्या मुलांपैकी कुणाची आई सरपंच असते, कुणाचे चुलते सोसायटीचे चेअरमन, कुणी स्वतः पॅनलच्या प्रचारात रात्री जागवलेल्या असतात. पुंडलिक हरी दानवे 1977 आणि 1989 मध्ये जालन्याचे खासदार झाले. रावसाहेब दानवे 1990 आणि 1995 मध्ये भोकरदनमधून विधानसभेत गेले, मग 1999 पासून सलग पाच वेळा लोकसभेत. 2024 मध्ये ते हरले. कोणत्या गावानं कुणाला लीड दिली, हेही या पोरांना पाठ असतं. अशा वर्गापुढे ॲरिस्टॉटल आणि सार्वभौमत्वाचा सिद्धांत घेऊन उभं राहायचं, तेही अनेकदा तासिका तत्त्वावर, महिनोन्‌महिने थकलेल्या मानधनावर. हे काम निष्ठेनं करणाऱ्या प्राध्यापकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

राज्यशास्त्र विभागाचे कार्यक्रम ठरलेले असतात. 26 नोव्हेंबरला संविधानाच्या प्रास्ताविकेचं वाचन, 25 जानेवारीला मतदार दिनाची प्रतिज्ञा, अधूनमधून बाहेरच्या पाहुण्यांचं व्याख्यान, शाल-श्रीफळ, फोटो, आणि नॅकच्या फाइलीत अहवाल. हे व्हायलाच हवं. पण माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात व्यासपीठावर कोण बसतं, ते पाहा. स्पर्धा परीक्षा देऊन साहेब झालेला, पुण्या-संभाजीनगरात स्थिरावलेला. बी.ए.ला हाच विषय घेऊन गावातच राहिलेली मुलं-मुली मागच्या खुर्च्यांवर असतात, किंवा त्यांना निरोपच गेलेला नसतो.

माझ्या मते विभागाचे खरे माजी विद्यार्थी तेच. 73वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, 2011 मध्ये महाराष्ट्रानं पंचायतींत महिलांसाठी निम्म्या जागा राखल्या, आणि शिकलेल्या लेकीसुना ग्रामपंचायतीत आल्या. त्यांतल्या एखादीला ठराव बुक घेऊन वर्गात बोलवा. ग्रामसभेला शंभर किंवा पंधरा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग कोरमची अट राहत नाही. या एका नियमातून गावात काय काय घडतं, ते ती सांगेल. वित्त आयोगाचा निधी आला की आराखडा कुठे बसून ठरतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी काय वाचायचं, घरचे म्हणतात तिथे सही करायला नकार कसा द्यायचा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? हा तास झाला, तर पुस्तकातली लोकशाही मुलांना आपल्या ओळखीची वाटेल.

इतिहास विभागाला इथे प्राचीन भोगवर्धन, म्हणजे आजचं भोकरदनच, अभ्यासायला आहे. सत्तरच्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. सांचीच्या दानलेखांत इथल्या माणसांची नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा दाता आपल्याला नावानिशी सापडतो, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या पंचायत निवडणुकीचं साधं पत्रक सापडत नाही, याची मला खंत आहे. जुनी पत्रकं, जाहीरनामे, वयस्कर कार्यकर्त्यांच्या मुलाखती विद्यार्थ्यांनी आताच जमवायला हव्यात. ती माणसं थकत चालली आहेत.

आणि एक गोष्ट सरकारशी बोलायची आहे. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका थांबवल्या आणि विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमले जाऊ लागले. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली, पण ती कागदावरच राहिली. निवडणुकीत पैसा येईल, हाणामाऱ्या होतील, ही भीती खोटी नाही. पण अठराव्या वर्षी जो मुलगा खासदार निवडू शकतो, त्याला वर्गाचा प्रतिनिधी निवडता येऊ नये, हे मला पटत नाही. आचारसंहिता करा, खर्चाला मर्यादा घाला, बाहेरच्या पुढाऱ्यांना फाटकाबाहेर ठेवा. पण तारीख जाहीर करा.

मोरेश्वर महाविद्यालय असो की तालुक्यातलं दुसरं कुठलं, येत्या संविधान दिनाच्या पत्रिकेवर प्रमुख पाहुणे म्हणून आपल्याच एखाद्या माजी विद्यार्थिनीचं नाव छापा, जी आज गावची सरपंच आहे.