परकोटाच्या शहरात किती मजले?



तिसरीच्या परिसर अभ्यासात आपला जिल्हा येतो. पण अमरावतीचा परकोट फळ्यावर शिकवून भागत नाही, पोरांना अंबागेट, जवाहरगेटपाशी न्यावंच लागतं. पेंढाऱ्यांपासून इथली व्यापारपेठ वाचावी म्हणून निजामाच्या राजवटीत 1807 मध्ये ही भिंत बांधायला घेतली. घेर सव्वादोन मैल, उंची 20 ते 26 फूट, पाच दरवाजे, चार खिडक्या. तिथंच एक गणित घाला: मजला दहा फुटांचा धरला तर परकोट किती मजली? उत्तर येतं दोन-अडीच.

मग त्याच्या आत आणि अगदी लगत दहा मजली टॉवर उभे करायचे का? माझं मत, नाही.

असं म्हटलं की लगेच 'विकासाला विरोध' हा शिक्का बसतो. वाड्यात राहणाऱ्यांचे हाल मला दिसतात. सात वारस, गळतं छत, वाळवी लागलेले खांब, आजीला जिना चढवत नाही. वर्गातल्या एका पोरानं विचारलंच, "सर, बिल्डिंग झाली तं लिफ्ट भेटन ना?" बरोबरच आहे त्याचं. दुरुस्ती हवी, नवी घरंही हवीत. फक्त आजूबाजूच्या उंचीला धरून.

खरी गोम रस्त्यात आहे. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार किती बांधता येईल, हे बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. म्हणजे टॉवर हवा तर गल्ली रुंद करा, आणि त्यासाठी समोरचे ओटे-ओसऱ्या पाडा. एका इमारतीपायी अख्खी गल्ली जाते. रुंद न करताच माणसं वाढवली, तर अग्निशमनची गाडी सोडा, शाळेची ऑटोही आत शिरणार नाही. (सकाळी साडेसहाला ऑटोची वाट पाहणाऱ्या आयांना विचारा.)

अकोल्यातही तोच प्रश्न. मोर्णाकाठचा असदगड औरंगजेबाच्या काळातला. भोवती टॉवर झाले तर पोरांना बुरूज दाखवायला आधी तो शोधावा लागेल.

वाड्याच्या मालकानंच सगळं सोसावं असं नाही. वारसा यादीत वास्तू असेल तर त्याला टीडीआर मिळण्याची सोय नियमावलीत आहे; तो हक्क विकून दुरुस्तीला पैसा उभा राहू शकतो. त्यासाठी यादीत नाव पाहिजे. नगरसेवक दारी आले की नाली-पाण्यासोबत एवढंही विचारा: आपल्या गल्लीतले कोणते वाडे त्या यादीत आहेत?