गरम बंडी करा, पण आधी वारा अडवा



निफाडकडं पारा उतरला की पाहुण्यांचे फोन सुरू होतात, "तुमच्याकडं किती?" कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा पेपरात येतो. सहा, पाच, कधी त्याच्याही खाली. मग गव्हाला कसं मानवलं, द्राक्षाला किती फटका, यावर पारावर चर्चा रंगते. पण पहाटे साडेचारला दुधाचे कॅन लावून मोटारसायकलवर शहराकडं निघणाऱ्याला त्या वेळी किती अंश लागतात, हे कुणी विचारत नाही.

हिशोब सोपा आहे. हवा ५ अंश असेल आणि गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे १ अंशासारखी लागते. पाण्याचा बर्फ होतो त्याच्याही खाली. आणि आपण निघतो कसे? एक स्वेटर, कानाला मफलर, हात उघडे.

दोन वर्षांपूर्वी पौषात मी असाच चाललो होतो. वीसेक किलोमीटर गेल्यावर पुढं कुत्रं आडवं आलं. डोक्यानं ब्रेक दाबला, बोटांनी दाबलाच नाही. बोटं होती कुठं ते कळत नव्हतं. चाळीस लिटर दूध रस्त्यावर गेलं, गुडघा फुटला. दूध गेल्याचं दुःख झालं, पण मागून ट्रक येत नव्हता हे नंतर लक्षात आलं तेव्हा जास्त थरकाप झाला. म्हणून ही नोंद. गाडीवरची थंडी हा सहनशक्तीचा विषय नाही, ब्रेकचा विषय आहे.

त्या हिवाळ्यात घरच्या घरी तापणारी बंडी करायचं डोक्यात घेतलं. मोबाईलवर व्हिडिओ ढिगानं आहेत. बरेचसे असे, की तार घ्या, स्वेटरला गुंडाळा, गाडीच्या बॅटरीला लावा, झालं काम. माझं स्पष्ट मत आहे की हे व्हिडिओ बघून कुणी काही करू नये. मी केलं आणि खांद्यावर फोड आला. ती गोष्ट पुढं सांगतो.

आधी वाऱ्याचं. तार नंतर, वारा आधी. पोत्यातून पाणी गळतंय तोवर मोटार कितीही मोठी लावा, उपयोग नाही. छातीवर प्लास्टिकचा रेनकोट नाहीतर विंडचीटर चढवला की निम्मी लढाई तिथंच जिंकली. आमचे म्हातारे शर्टाच्या आत वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या घालायचे, ते शास्त्र खरंच होतं, कागदात हवा अडकते. खताच्या गोणीतली आतली प्लास्टिकची पिशवी धुऊन स्वेटरवरून घातली तरी वारा थांबतो, फक्त ती घालून पायी चालू नका, घाम येतो आणि ओल्या अंगाला थंडी दुप्पट बोचते. हँडलला दोन्हीकडं रेक्झिनच्या पिशव्या शिवून लावा, हात आत घातला की मूठ आणि लिव्हर दोन्ही झाकलं पाहिजे. इतकं करून ज्यांचं भागतं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

ज्यांना अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवायची आहे त्यांना उष्णता लागते. इथं पहिली चूक होते ती हातमोजे तापवण्याची. बोटं गार पडतात ती फक्त वाऱ्यानं नाही. छाती-पोट गार व्हायला लागलं की शरीर आतल्या अवयवांसाठी ऊब राखतं आणि हातापायांकडं जाणारं रक्त कमी करतं. म्हणून छाती-पाठ गरम ठेवली की बोटांपर्यंत ऊब आपोआप पोचते. शिवाय मोज्यातली तार क्लचजवळ रोज वाकून तुटते. आपल्याला बंडी हवी, मोजे नकोत.

दुसरी चूक वीज कुठून घ्यायची याची. मोठ्या गाड्यांची वीज भरपूर असते, परदेशातले लोक जॅकेट थेट गाडीला जोडतात. आपल्या शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, तीन-चार अँपिअर-अवरची. दुचाकीचा हेडलाईट २०१७ पासून कायम चालूच असतो, वर इंडिकेटर आणि हॉर्न. त्यात २० वॅटची बंडी घुसवली की गाडी हळू असताना बॅटरी उतरते. पहाटे अंधारात लाईट मंद झालेली गाडी म्हणजे थंडीपेक्षा मोठं संकट.

मग? घरातला फवारणी पंप बघा. बऱ्याच बॅटरी पंपांत १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. पंप पहाटे रिकामाच पडलेला असतो. २० वॅटच्या बंडीला पावणेदोन अँपिअर लागतात, कागदावर साडेचार तास निघतात. पण ही बॅटरी पूर्ण उतरवली तर लवकर मरते, म्हणून दोन-अडीच तासच वापरायची आणि घरी आलं की लगेच चार्जिंगला लावायची. वजन दोन-अडीच किलो भरतं. ती अंगावर बांधायची नाही, गाडीच्या बाजूच्या पिशवीत घट्ट बसवायची. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून खिशात ठेवणारेही पाहिले. तो प्रकार छातीवर सुतळी बॉम्ब बांधण्यासारखा आहे, माझा त्याला साफ विरोध आहे.

आता तार. मी सिलिकॉनचं वेष्टन असलेली कार्बन फायबरची तार वापरली, मीटरला ३३ ओहम. एक मीटरच्या तुकड्याला १२ व्होल्ट दिले की साधारण साडेचार वॅट उष्णता मिळते. असे चार तुकडे, दोन पाठीला, दोन छातीला. सबमेनवरून चार लॅटरल काढतो तशी जोडणी, म्हणजे पॅरलल. चारही मिळून साडेसतरा वॅट, बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर वीसच्या जवळ. एकामागं एक सिरीजमध्ये जोडू नका. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांतल्या लोकांना विजेवर तापणारे सूट दिले होते. सुरुवातीच्या सुटांत सिरीज जोडणी होती, एक तार तुटली की सगळा सूट गार. पुढं ती बदलावी लागली. आपण तीच चूक परत कशाला करायची?

माझा फोड इथं आला. मला वाटलं, जास्त तार म्हणजे जास्त उष्णता, तर तार कमी केली की धोका कमी. म्हणून खांद्याजवळ अर्ध्या मीटरचा तुकडा लावला. उलटं झालं. नळी जितकी आखूड तितकं पाणी जोरात, तसंच विजेचं. अर्ध्या तुकड्यात पावणेनऊ वॅट, म्हणजे तेवढ्याच लांबीवर चौपट आच. अस्तर तपकिरी झालं आणि खांदा भाजला. त्या दिवशी बंडी काढायला गाडी थांबवता आली म्हणून बरं. एक मीटरपेक्षा आखूड तुकडा लावायचा नाही, आणि तार तारेवरून जाऊ द्यायची नाही.

बाकी पथ्यं थोडक्यात सांगतो, पण एकही सोडू नका.

फ्यूज ३ अँपिअरचा, बॅटरीच्या प्लस टोकापासून वितभर अंतरात. बंडीपाशी लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही.

४५ अंशांना तोडणारा बटणाएवढा थर्मोस्टॅट पाठीच्या तारेला चिकटवून शिवायचा. ४५ अंश ऐकायला कमी वाटतात, पण तेवढी उष्णता कातडीला बराच वेळ टेकून राहिली तरी भाजतं.

कार्बनच्या तारेला सोल्डर धरत नाही. लग दाबून जोड करा आणि वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा.

बॅटरी आणि बंडीमध्ये ओढली की सुटणारी डीसी पिन ठेवा. गाडीवरून पडलो तर माणूस एकीकडं आणि गाडी एकीकडं गेली पाहिजे, वायरनं बांधलेली नको. बॅटरीकडचं टोक बंद तोंडाचं घ्या, म्हणजे उघडी पिन पत्र्याला लागून ठिणगी पडणार नाही.

बंडी सुती कापडाची, अस्तरासह, शर्टावरून घालायची. उघड्या अंगावर कधीच नाही. वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारा थर. ज्यांना शुगर आहे आणि कातडीची संवेदना कमी झाली आहे त्यांनी हे वापरू नये, भाजतंय हेच कळणार नाही. पहिला आठवडा घरात बसून, दर दहा मिनिटांनी हात लावून तपासा. मीटरवर चारही तुकडे मिळून सव्वाआठ ओहम दिसले पाहिजेत. फारच कमी दिसले तर जोडू नका.

कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, तयार जॅकेट मिळतं की. मिळतं. पॉवर बँकेवर चालणारी ५ व्होल्ट २ अँपिअरवाली दहा वॅट देतात, चांगल्या वाऱ्याच्या थराखाली तीही पुरतात. ज्याला मीटर धरता येत नाही त्यानं तेच घ्यावं, त्यात कमीपणा नाही. आणि कुणी म्हणेल, आमच्या बापानं कुठं तापणारी बंडी घातली? नाही घातली. पण बाप सायकलवर चालला होता, घाम काढत, ताशी बारा-पंधरानं.

शेवटी कृषी विज्ञान केंद्रातल्या आणि खात्यातल्या मंडळींना एक विनंती. थंडीच्या लाटेत तुमचे सल्ले येतात. द्राक्षबागेत पहाटे ठिबक चालवा, शेकोट्या करा, वासरांना गोणपाट बांधा. सगळं बरोबर, आम्ही करतोही. पण ते ठिबक चालवायला पहाटे तीनला गाडीवर जाणारा माणूस त्या सल्ल्यात मी अजून वाचला नाही. जिथं शेतीची वीज सौर फीडरवरून दिवसा मिळायला लागली तिथं रात्रीच्या फेऱ्या कमी होतील, तो खरा इलाज. दुधाचं मात्र तसं नाही, गिऱ्हाइकाला चहा सकाळीच लागतो. तोवर सल्ल्यात दोन ओळी वाढवा, आणि जवळच्या आयटीआयला सांगून एक दिवसाचं शिबिर घ्या. फ्यूज, थर्मोस्टॅट, पॅरलल जोडणी, एवढं शिकायला अर्धा दिवस पुरतो.

माझी बंडी दुसरा हिवाळा काढतेय. गेल्या आठवड्यात पहाटे परत एक कुत्रं आडवं आलं. ब्रेक लागला. कुत्रंही गेलं, दूधही पोचलं.

तुम्ही काय करता ते लिहा. आणि वरच्या हिशोबात कुणा इलेक्ट्रिशियन भावाला चूक दिसली तर बिनधास्त सांगा, दुरुस्त करतो.