गुठळीचा दोष कुणाच्या माथी?



बाळंतपणानंतर आठ-पंधरा दिवसांत एखाद्या बाईचं डोकं असह्य दुखू लागतं, उलट्या होतात, फिट येते, एका बाजूचा हात उचलेनासा होतो. घरात आधी नाव निघतं ते वाऱ्याचं, नाहीतर बाहेरच्या बाधेचं. अंगारा लावला जातो, उतारा टाकला जातो, आणि दवाखान्याची वाट धरेपर्यंत मोलाचे दोन दिवस गेलेले असतात. डॉक्टर सांगतात, मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली आहे. भारतातल्या डॉक्टरांना हा आजार ओल्या बाळंतिणींमध्ये गेली कित्येक दशकं दिसत आला आहे. पायाच्या शिरेत गुठळी झाली तर एकच पोटरी सुजते, दुखते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

बाई वाचली तरी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘हिच्या माहेरचं रक्तच तसलं.’ या अंकाच्या निमित्ताने या वाक्याचा आपण नीट विचार करायला हवा, कारण त्यात थोडं खरं आहे आणि अन्याय पुष्कळ आहे.

खरं काय आहे ते आधी पाहू. आपल्या रक्तात गोठण घडवणारी प्रथिनं असतात, तशीच गोठण आवरणारीही असतात. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही आवरणारी. कुणाच्या रक्तात यातलं काय किती असावं, हे बऱ्याच अंशी जनुकांवर ठरतं. रक्तगटाचंच उदाहरण घ्या. ‘ओ’ गटाच्या माणसांत वॉन विलेब्रँड नावाचं गोठणीचं प्रथिन इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी असतं. म्हणून इतर गटांच्या माणसांना शिरेत गुठळी होण्याचा धोका ‘ओ’ गटापेक्षा दीडपट ते दुप्पट असतो. १९९४ साली नेदरलंड्समधल्या लायडन शहरात संशोधकांना फॅक्टर पाच या प्रथिनातला एक आनुवंशिक बदल सापडला. तो असला की प्रोटीन सी त्या प्रथिनाला आवरू शकत नाही. १९९६ साली प्रोथ्रॉम्बिनचं प्रमाण वाढवणारा दुसरा बदल कळला. युरोपच्या मानाने आपल्याकडे पहिला बदल कमी आढळतो आणि दुसरा तर क्वचितच.

आता अन्यायाकडे वळू. यातला एकही बदल लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही. तो आईकडून येतो तसाच बापाकडून येतो, आणि मुलीइतकाच मुलालाही मिळतो. शिवाय आपल्या सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. आत्याच सासू असते, तिथे माहेरचं रक्त वेगळं आणि सासरचं वेगळं असं म्हणायला जागा तरी कुठे उरते? उलट अशा लग्नांत एकच बदल दोन्हीकडून मुलाकडे येण्याची शक्यता वाढते आणि त्रास जास्त गंभीर होऊ शकतो. तेव्हाही बोल लागतो तो एकट्या सुनेलाच.

मग गुठळी होऊन आजारी पडलेली बाईच एवढी नजरेत का येते? गरोदरपणात शरीर स्वतःच गोठणीची प्रथिनं वाढवतं आणि प्रोटीन एस कमी करतं. बाळंतपणात रक्तस्राव होऊन बाई दगावू नये, ही त्यामागची निसर्गाची सोय आहे. गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन काहीसा तसाच परिणाम करतं. पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजानुसार, गरोदर नसलेल्या आणि गोळ्या न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते. गोळ्या घेणाऱ्यांत हा आकडा ३ ते ९, गरोदरपणात ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत त्याच हिशेबाने ४० ते ६५ असतो. जिच्यात लायडनचा बदल आहे तिने गोळी घेतली तर धोका तीसपटीच्या आसपास जातो, असं १९९४ च्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे वारसा स्त्री-पुरुष दोघांचा, पण गोळी, गर्भ आणि बाळंतपण हे सगळं तिच्या वाट्याला. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे; पुरुष नसबंदीचं प्रमाण एक टक्काही नाही.

या आकड्यांनी घाबरून गोळी एकदम बंद करू नये. नको असलेलं गरोदरपण गोळीपेक्षा जास्त धोक्याचं आहे, हे याच आकड्यांत दिसतं. पण माला-एन हातात ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायला काय खर्च येतो? तुला किंवा तुझ्या आई-वडिलांना, भावंडांना कमी वयात गुठळी झाली होती का? बाळंतपण होऊन किती दिवस झाले? ज्या स्त्रीमध्ये असा आनुवंशिक बदल असल्याचं माहीत आहे तिला इस्ट्रोजेनची गोळी देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष स्पष्ट सांगतात. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही पहिले सहा आठवडे ती द्यायची नसते. तिच्यासाठी तांबी आहे, निरोध आहे, नवऱ्याची नसबंदी आहे.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचीही हीच गोष्ट. गौरी-गणपती, जत्रा, घरचं लग्न, लोणंद-फलटणवरून जाणारी वारी, काहीही असलं की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय त्या आणल्या जातात. त्यातल्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. घरात गुठळीचा इतिहास असलेल्या मुलीला ही जोखीम कशासाठी घ्यायला लावायची? पाळीचा विटाळ मानणं सोडलं तर या गोळ्यांची गरजच किती उरेल, हेही विचारायला हवं.

आणि बाळंतिणीचं पाणी! पोट सुटेल, अंगात गार भरेल म्हणून तिला घोटभर पाण्यावर ठेवायचं, बाजेवरून उठू द्यायचं नाही, अंगात रक्त कमी असलं तरी तिकडे लक्ष द्यायचं नाही. पाणी कमी पडलं, हालचाल थांबली, पंडुरोग असला की गुठळीचा धोका वाढतो. जनुक बदलता येत नाहीत, पण तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवता येतो.

तपासणीबद्दल मात्र सावध राहायला हवं. सगळ्या स्त्रियांची सरसकट जनुक-तपासणी करावी असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. गरोदरपणात प्रोटीन एस तसंही कमी असतं, तेव्हाच्या अहवालावरून ‘दोष’ ठरवणं चूकच. तपासणीचं साधन कुणाच्या हातात जातं, हे आपण या दोन जिल्ह्यांत भोगलं आहे. स्त्री-चळवळीने लढून १९८८ साली महाराष्ट्रात गर्भलिंग-तपासणीविरोधी कायदा करवून घेतला, १९९४ साली तो देशभराचा झाला. तरीही २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे सांगलीत ८५१ आणि साताऱ्यात ८७८ मुलीच होत्या. २०१७ साली मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर १९ भ्रूण पुरलेले सापडले. उद्या लग्न ठरवताना पत्रिकेसोबत मुलीच्या रक्ताचा अहवाल मागितला जाऊ नये, आणि अहवाल दाखवून कुणी बायकोला माहेरी धाडू नये. ‘आजारी आहे’ एवढ्या एका शब्दावर टाकलेल्या किती परित्यक्ता आपल्या बैठकांना येतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून संघटनांनी आपापल्या तालुक्यात चार गोष्टी हाती घ्याव्यात. गोळ्या देण्यापूर्वी घराण्यातल्या गुठळीचा प्रश्न प्रत्येक उपकेंद्रात विचारला जावा आणि उत्तर कार्डावर लिहिलं जावं. बाळंतिणीच्या घरभेटीत आशाताईंनी डोकेदुखी, फिट, एका पायाची सूज, धाप ही लक्षणं सासूला आणि नवऱ्यालाही समजावून सांगावीत. जत-आटपाडी, माण-पाटणच्या बाईला मिरजेपर्यंत न्यायला वाहन वेळेवर मिळावं आणि रक्त पातळ करणारं औषध सरकारी रुग्णालयात फुकट असावं. ज्या घरात गुठळीने कुणी दगावलं आहे, तिथे तपासणी करायचीच झाली तर तिच्या संमतीने व्हावी, तिचा अहवाल तिच्याच हाती द्यावा, आणि पुरुषांचंही रक्त तपासावं.

रक्तातलं काय कुणाकडून आलं, हे समजून घेण्याचा हक्क आपला आहे. ते समजल्यावर तिची काळजी कशी घ्यायची, एवढाच प्रश्न उरायला हवा. पुढच्या बैठकीत आपल्या गावातल्या बाळंतिणींना किती पाणी मिळतं, इथपासूनच सुरुवात करू या.