गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका

‘मालक कोण हे कुत्र्याला एकदा कळलंच पाहिजे’ या वाक्याच्या जोरावर पिल्लाचं तोंड त्याच्याच शूत घासलं जातं, पट्ट्याला हिसके दिले जातात, मोठ्या कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरलं जातं. विचारलं तर उत्तर तयार असतं: लांडग्यांच्या कळपात म्होरक्या बळावर राज्य करतो, कुत्रा लांडग्याचाच वंशज, म्हणून घरात म्होरके आपण.

या दाखल्याचं मूळ रुडोल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या निरीक्षणांत आहे, आणि ती होती पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांची. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर गेली. पुढे कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहून त्याच मेक यांनी १९९९मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. ज्याने कल्पना पसरवली त्यानेच ती सोडली, तरी आपण तिच्या नावाने कुत्र्यांना बडवतो आहोत.

‘पण मारलं की लगेच फरक पडतो ना!’ पडतो. कशात पडतो तेही पाहा. शूत तोंड घासलेलं पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जातं आणि घरचे म्हणतात, ‘बघा, मुद्दाम करतंय.’ झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच त्याला खाली नेलं असतं, तर प्रश्न मुळातच मिटला असता. गुरगुरण्याचं तर त्याहून वाईट. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. मार खाऊन सूचना बंद होते, भीती तशीच राहते. मग एक दिवस तो न गुरगुरता थेट चावतो. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं आढळलं.

धीर धरायचा म्हणजे सोसत बसायचं, असं माझं म्हणणं नाही. कारण सापडेपर्यंत शोधायचं आणि मग त्या कारणावर काम करायचं. आजवर शांत असलेला कुत्रा अचानक अंगावर येऊ लागला, तर आधी पशुवैद्याकडे न्या. कानातला संसर्ग किंवा सांध्याचं दुखणंही त्यामागे असू शकतं.

सोसायटीच्या फाटकाशी दुसरा कुत्रा दिसला की भुंकत सुटणारा कुत्रा घ्या. भुंकण्याआधी त्याचं धापणारं तोंड मिटतं, कान पुढे येतात, अंग ताठ होतं, नजर खिळते. या क्षणापर्यंत थांबलात तर उशीर झाला. म्हणून समोरचा कुत्रा दिसेल, पण आपला ताठरणार नाही, इतक्या लांब उभं राहायचं; तो दिसला की उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा, दिसेनासा झाला की बंद. काही दिवसांनी समोरचा दिसताच आपला कुत्रा मान वळवून तुमच्याकडे बघू लागतो. मगच दोन पावलं पुढे सरकायचं. बिघडलं तर निमूट मागे यायचं.

याला लाच म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे: लाच वाकडं काम करून घ्यायला देतात. इथे भीतीची जागा हळूहळू भरवसा घेतो आणि तुकडेही पुढे कमी करता येतात. वेळ नाही ही सबबही मला मान्य नाही. फिरायला तर रोज न्यावंच लागतं. त्याच फेरीत फाटकापासून थोडं लांब उभं राहायचं आहे.