कर्ता गळालेला शोधनिबंध

प्रचलित सामाजिक प्रश्नांवरील विद्यार्थ्यांचे शोधनिबंध तपासताना एक दोष वारंवार आढळतो. ‘मैला हाताने वाहिला जातो’ असे कर्मणी वाक्य येते. कर्ता गळतो व त्याच्यासोबत त्याची जातही. १९९३ च्या कायद्याने या कामास माणसे लावण्यास बंदी केली. तरीही २०१३ साली दुसरा कायदा करावा लागला. संरक्षक साधनांविना गटारात माणूस उतरविणेही त्याने निषिद्ध ठरविले. दुसऱ्या कायद्याची गरज का भासली, हा खरा संशोधनविषय होय. केवळ कलमे वाचून उत्तर मिळणार नाही. उतरणाऱ्याची साक्ष त्याच्याच बोलीत नोंदवावी आणि परिशिष्टात न ढकलता तिला पुराव्याचा मान द्यावा. निदान पहिल्या वाक्यात कर्ता लिहावा, एवढीच प्रस्तुत लेखकाची अपेक्षा आहे.