शकुंतलेचे रूळ कोणी सांभाळले?

यवतमाळच्या जुन्या रेल्वे स्टेशनवर आता गाडी येत नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ या ११३ किलोमीटरच्या अडीच फुटी रुळांवरून धावणारी ‘शकुंतला’ मागच्या दशकात बंद पडली आणि तिच्या आठवणींना ऊत आला. मँचेस्टरचे १९२१ सालचे वाफेचे इंजिन, किलिक-निक्सन कंपनी, स्वातंत्र्यानंतरही खासगीच राहिलेली मालकी... तेच ते पुन्हा पुन्हा छापले जाते. इंजिनाचे वय सर्वांना पाठ. रूळ कोणी सांभाळले, हे कोणी विचारत नाही!

ही गाडी वऱ्हाडी माणसाच्या सोयीसाठी टाकलीच नव्हती. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवायचा आणि मुंबई बंदरातून मँचेस्टरला धाडायचा, हा हेतू. मुंबईच्या गिरण्यांत जो कापूस थांबे, तिथेही जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद. धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ!

आणि रेल्वेत? ब्रिटिश काळात शकुंतलेच्या गाड्या जी.आय.पी. रेल्वे चालवीत असे. याच जी.आय.पी.च्या अस्पृश्य कामगारांची परिषद फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. हे आपल्या प्रत्येक सभेत ऐकू येते. परंतु त्याच भाषणातला दुसरा मुद्दा आपणही विसरतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत जन्मभर गँगमनच राहतो, त्याला साधा पोर्टरही करीत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी राबावे लागते आणि सवर्ण मास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नाही. म्हणजे स्टेशनची पायरी बंद, उन्हातान्हात रुळाखालची खडी ठोकणे मात्र खुले.

गाडी थांबल्याची झळही कोणाला बसली? एस.टी.पेक्षा स्वस्त तिकिटावर बाजाराला जाणाऱ्या मजूर बायांना. फोटो काढायला येणाऱ्यांना नव्हे.

वारसा म्हणून इमारतीला रंग द्या, इंजिनाचे फोटो लावा, आमची हरकत नाही. परंतु या मार्गावरच्या गँगमनांची हजेरीपुस्तके कुठे उरली असतील तर ती रद्दीत जाण्याआधी शोधली पाहिजेत, त्यांच्या मुलानातवंडांकडून ऐकून घेतले पाहिजे. हे सरकार करील म्हणून वाट पाहू नये. यवतमाळ, दारव्हा, मूर्तिजापूरच्या आपल्या कार्यकर्त्यांनी वह्या घेऊन वस्त्यावस्त्यांत निघावे. म्हातारी माणसे अजून आहेत.