१०० युनिट ओलांडले की सगळं बिल महाग होतं? समजून घ्या घरातल्या दिव्यांचं गणित

उन्हाळ्याचं वीजबिल हातात पडलं की जालन्यातल्या घराघरांत एकच हुकूम सुटतो, 'आधी लाइट बंद करा!' पण बिल खरंच दिव्यांमुळे वाढतं का? आणि १०० युनिटच्या पुढे गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो का?

युनिट कसं मोजतात?

उपकरणाचे वॅट गुणिले वापराचे तास, भागिले १०००. म्हणजे १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट.

६० वॅटचे चार जुने पिवळे बल्ब रोज पाच तास लावले, तर महिन्याला ३६ युनिट होतात. त्याच जागी ९ वॅटचे चार एलईडी लावले, तर फक्त ५.४ युनिट. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या केंद्राच्या 'उजाला' योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले, ते याच फरकासाठी.

झिरोचा बल्ब 'झिरो' असतो का?

नाही. जुना झिरोचा बल्ब साधारण १५ वॅटचा असतो. रोज रात्री दहा तास चालला, तर महिन्याला ४.५ युनिट खातो.

मग बिल वाढतं कशामुळे?

७५ वॅटचे दोन पंखे रोज बारा तास चालले, तर ५४ युनिट. २०० वॅटचा कूलर दहा तास चालला, तर ६० युनिट. त्यात एलईडीचे ५.४ मिळवले की बेरीज ११९.४. टीव्ही, फ्रिज वेगळेच.

१०० च्या पुढे काय होतं?

महावितरणच्या घरगुती दरात ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. पहिल्या १०० युनिटना खालचाच दर लागतो. वरचा दर फक्त पुढच्या युनिटना, म्हणजे या उदाहरणात १९.४ युनिटना लागतो. सगळं बिल महाग होतं, हा गैरसमज आहे.

पण याच घरात जुने बल्ब असते, तर बेरीज १५० झाली असती आणि वाढलेले सगळे ३०.६ युनिट वरच्या दराने लागले असते.

म्हणजेच दिव्यांचा वाटा छोटा असला, तरी उन्हाळ्यात वाचलेलं युनिट हे महागातलं युनिट असतं. स्थिर आकार मात्र दिवे बंद ठेवले तरी भरावाच लागतो.